अर्धा राहिलेला अध्याय

आमच्या भुईगावात मला सगळे तोंडाळ म्हणतात. म्हणोत. प्रेमलताच्या पुस्तकाचं काम माझ्या तोंडामुळेच निभावलं, पण ते कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

प्रेमलता म्हणजे शेजारच्या दिनानाथकाकांची सून. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी कामणहून लग्न होऊन आली. त्यांची केळीची वाडी आणि आमची, मध्ये एक कुंपण, विहीर सामाईक. एका दुपारी चर्चची घंटा झाली. मी भरलेला हंडा खाली ठेवला, क्रूसाची खूण केली, प्रार्थना पुटपुटले आणि हंडा परत उचलला.

“रोझीबाय, घंटा झाली की तुम्ही काय म्हणता?” प्रेमलतानं विचारलं.

“देवदूतानं मरियामातेला निरोप दिला ना, त्याची प्रार्थना.”

“मग ती घाबरली नाही? आईवडिलांना काय सांगितलं तिनं?”

आता आली का पंचाईत. पाळण्यात असल्यापासून ऐकतेय ही प्रार्थना, पण मरियामाता आईवडिलांना काय म्हणाली असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी गप्प. मी गप्प बसले म्हणजे बघा.

“तुमच्या धर्माचं काहीतरी वाचायला द्या ना,” ती म्हणाली. “मला बाटायचं नाही हो. शेजारी राहायचं जन्मभर, तर माहीत नको?”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तडक फादरकडे गेले. त्यांनी कपाटातून तीन पुस्तकं काढली. एक उशीएवढं जाड, त्यात देव आहे हे पटवून दिलेलं. दुसरं प्रश्नोत्तरांचं. तिसरं संतांच्या गोष्टींचं, वाचून वाचून खिळखिळं झालेलं.

“प्रश्नोत्तरांपासून सुरुवात करू दे,” फादर म्हणाले.

“फादर, ती काय परीक्षेला बसलीय?” असं म्हणून मी गोष्टींचं पुस्तक पदराखाली घेतलं आणि निघाले.

प्रेमलता रोज जेवणानंतर ओटीवर बसून मोठ्यानं वाचायची. सासूबाई विड्याची पानं निवडत ऐकायच्या. दिनानाथकाका झोपाळ्यावर तोंड फिरवून बसायचे, पण त्यांच्या झोपाळ्याची करकर गोष्ट रंगली की बंद पडायची. मी कुंपणापलीकडून सगळं बघत होते.

मग गावातल्या कोणीतरी चोंबड्यानं काकांना विचारलं, “काय, सून बाटवायला काढली का?” झालं. काका घरी आले ते तणतणतच. गोष्ट अर्धी असतानाच तिच्या हातातून पुस्तक ओढलं, फडताळात टाकलं, कुलूप लावलं. वर हुकूम, रोझी विहिरीवर असेल तेव्हा तू जायचं नाही.

प्रेमलता माझ्याकडे बघून दुरूनच डोळे पुसायची. माझा जीव तुटायचा. वासराशी बोलावं तशी एकटीच विहिरीशी बोलत मी पाणी भरायचे. काकांचा असा राग आला होता की समोर आले असते तर हंडाच ओतला असता.

आणि एका सकाळी आलेच की समोर. कुंपणाशी उभे राहिले, खाकरले.

“रोझी, त्या गोष्टीतला तो राजा. स्वतःच्या पोरीनं नव्या देवाचं नाव घेतलं म्हणून त्यानं तिला बुरुजात कोंडली. सोडली का मग?”

माझ्या ओठावर आलं होतं. पण मी हंडा कमरेवर घेतला. “काका, पुस्तक तुमच्या फडताळात आहे.”

“तू वाचलंयस ना?”

“वाचलंय. सांगणार नाही. तुमच्या घरी श्रावणात पोथी लावतात, तेव्हा अध्याय अर्धा टाकून उठतात का कोणी?”

काका एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून गेले.

त्याच दुपारी मला बोलावणं आलं. बघते तर काय, ओटीवर पाट मांडलेला, त्यावर आमच्या फादरचं पुस्तक, त्याला हळदकुंकू आणि वर चाफ्याचं फूल. फादरनं पाहिलं असतं तर काय म्हणाले असते देव जाणे. मला मात्र भरून आलं. सासूबाईंनी मला जवळ बसवून घेतलं. प्रेमलता वाचू लागली.

राजानं पोरीला सोडली नाही. पोरगी हटली नाही. शेवटी बापानं स्वतःच्या हातानं तिला मारली.

मग काका झोपाळ्यावरून उठले, कपाळाच्या शिरा ताठ.

“हा काय बाप झाला? देवाचं नाव घेतलं म्हणून कोणी लेकीला कोंडतं? अरे, अक्कल कुठं गहाण ठेवली होती मेल्यानं?”

सासूबाई पानांत तोंड घालून हसायला लागल्या. प्रेमलतानं मान खाली घातली. मीसुद्धा तोंड आवरलं, त्या दिवसापुरतं.

काकांनी आमच्याकडे पाहिलं, मग फडताळाकडे. कान लाल झाले त्यांचे. कनवटीची किल्ली काढून त्यांनी सुनेच्या ओंजळीत टाकली.

“बघत काय बसलीस? रोझीबरोबर जा आणि दुसरं आण. अन् फादरना सांग, ह्या खेपेला बाप जरा बरा असलेलं द्या.”