आभाळ नापास

नात कालपासून आजोबांशी बोलत नव्हती. आजोबांचा सारा जन्म रंगाच्या कारखान्यात तपासनिसी करण्यात गेला होता. रंगवलेल्या पत्र्यावर ओलं फडकं फिरवायचं. रंग सुटला की माल नापास. काल नातीने जेल रंगांच्या मऊ कांड्यांनी कागदावर आभाळ रंगवलं आणि आजोबांनी सवयीने त्यावर फडकं फिरवलं. आभाळ फडक्यावर आलं. आजोबांनी उरलेल्या कांड्याही सदोष माल म्हणून कचऱ्यात टाकल्या.

म्हणून आता ते तिच्यासाठी नवे रंग घ्यायला स्टेशनरीच्या दुकानात उभे होते.

"मेणाचे खडू न्या, काका. पाणी ओता, ढिम्म हलणार नाहीत," दुकानदार म्हणाला. "नाहीतर या जेलच्या कांड्या. वरून ओला ब्रश फिरवला की रंग पसरतो."

"म्हणजे सुटतो."

"सुटत नाही हो, पसरतो."

"फरक काय?"

"सुटला तर तक्रार येते. पसरला तर चित्र होतं."

आजोबांनी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला.

आजी म्हणाली, "तिला हवं ते आणा."

"तिला काय हवंय?"

"तिलाच विचारा."

"ती बोलत नाहीये."

"म्हणून तर गेलात ना?"

फोन ठेवल्यावर आजोबांना आपण दुकानात का आलो हेही नीटसं आठवेना. एकदा खडू उचलले, एकदा कांड्या. कांड्या घ्याव्यात तर स्वतःच नापास केलेला माल; खडू घ्यावेत तर ती खूश होईल कशावरून? शेवटी तत्त्व जिंकलं. त्यांनी खडू घेतले.

घरी नातीने खडूंचा डबा उघडला, निळा खडू कागदावर ओढला आणि त्यावर ओलं बोट फिरवलं. रंग जागचा हलला नाही. आजोबांची छाती फुगली.

"आजोबा, हे पसरत नाहीत. आता आभाळ कसं करू? तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही."

आजोबा तसेच स्वयंपाकघरात गेले.

"बोलली का?" आजीने विचारलं.

"बोलली. पण रागावून."

"मग झालं की. या घरात तुमच्याशी न रागावता बोलतं कोण?"

हा दिलासा होता की टोमणा, हे आजोबांना ठरवता येईना. बाहेर नात चपला घालून उभी होती.

"चला," ती म्हणाली. "कांड्या मी निवडणार. तुम्ही कशालाही हात लावायचा नाही."

आजोबा हात मागे बांधून निघाले.