शूटर माझा, पास तुझा

हेल्वी कोस्केला आमच्या बीव्हर्स संघाची गोलकीपर. आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि रविवारी दुपारी गाद्या गुंडाळल्यासारखे पॅड बांधून आमच्यासाठी हॉकीच्या रबरी चकत्या अंगावर घ्यायची. कॅनडातल्या आमच्या थंडर बेत बर्फावरची हॉकी खेळायला माणसं ढिगानं मिळतात. गोलात उभं राहायला मात्र कुणी तयार नसतं. हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

विसरण्यात सगळ्यांच्या पुढे गॉर्ड पेट्रीचक. गॉर्ड घरं विकतो, त्यामुळे बोलण्यात पटाईत. नावाला तो बचावपटू, पण चकती आमच्याकडे आली रे आली की हा पुढे पळालाच. तिथे ती हातची गेली की समोरचे दोघं मोकळ्या बर्फावरून हेल्वीवर चालून यायचे. मागे आमचा एखादाच धापा टाकत असायचा. कधी तोही नसायचा.

"अशा वेळी सोपं असतं," हेल्वी सांगायची. "ज्याच्याकडे चकती, तो माझा. दोघांच्या मधला पास अडवायचा, ते मागे राहिलेल्याचं काम. शूटर माझा, पास तुझा."

गॉर्ड मान डोलवायचा आणि चुकून मागे असलाच तर चकतीवाल्यावरच धावून जायचा. पास सुटायचा, गोल व्हायचा. मग कपडे बदलायच्या खोलीत बिअर उघडून प्रवचन.

"हेल्वी, राग मानू नकोस हं. तू फार मागे उभी राहतेस. पुढे यायचं, कोन कमी करायचा, म्हणजे मारणाऱ्याला जाळी कमी दिसते. मी व्हिडिओ बघितलेत."

"तू तिथे नसतोस, गॉर्ड."

"मी पुढे असतो म्हणून तर मला सगळं नीट दिसतं!"

आम्ही हसायचो. हेल्वी लेस सोडत राहायची.

फेब्रुवारीत मूस संघाचा गोलकीपर दारातलं बर्फ उपसताना पडला आणि ते गोलकीपरशिवायच रिंकवर आले. सामना रद्द करायचं चाललं होतं, तेवढ्यात हेल्वी म्हणाली, "मी त्यांच्याकडून खेळते."

"आणि आपल्या गोलात कोण?" आमचा कप्तान लॉर्न म्हणाला.

"गॉर्ड. त्यानं व्हिडिओ बघितलेत."

खोलीत हशा पिकला. आता गॉर्डला माघार घेता येईना. "त्यात काय एवढं?" म्हणत त्यानं रिंकच्या अडगळीतले जुने पॅड चढवले. त्यांना ओल्या कुत्र्याचा वास येत होता.

मूसचा बचाव म्हणजे डेल्बर्ट. गुडघ्याला पट्टा, आणि वेग असा की पुढे जायचा प्रश्नच नाही. लॉर्न आणि मी हेल्वीवर चालून गेलो, तर डेल्बर्ट आमच्या मधोमध बर्फावर चक्क आडवा झाला. पासला वाटच राहिली नाही. लॉर्ननं चकती मारली, हेल्वीनं ती हातमोज्यात टिपली.

"शाब्बास, डेल्बर्ट!" ती ओरडली. आमच्यापैकी कुणाला तिनं शाब्बास म्हटलेलं मला आठवत नाही. तशी वेळच आम्ही आणली नव्हती.

दुसऱ्या टोकाला गॉर्डवर दोघं आले. तो पुढे सरसावला, कोन कमी केला, अगदी व्हिडिओतल्यासारखा. त्यांनी चकती शांतपणे पलीकडे सरकवली आणि रिकाम्या जाळीत टाकली. मग पुन्हा तेच. मग तिघं आले.

"अरे, मागे कुणी आहे का रे? मेलात का सगळे?" गॉर्डचा आवाज फाटला.

मूसनी आमचा भुगा केला. हेल्वीवर एकही गोल झाला नाही.

नंतर गॉर्ड बाकावर घामानं निथळत पॅड सोडत बसला होता. मला वाटलं, पडला बहुतेक उजेड. तर म्हणाला, "बघितलंत? आपल्यासाठी कधी खेळली अशी? इतके दिवस हातचं राखून खेळत होती!" आणि दोघातिघांनी माना डोलावल्यासुद्धा.

हेल्वी काही आमच्या खोलीत परतली नाही. लॉर्न तिला परत बोलवायला मूसच्या खोलीत गेला, मी सोबतीला. हेल्वी डेल्बर्टच्या शेजारी बसून गुलाबी साखरेचा पर्शियन बन खात होती.

"ये गं परत. आम्ही सुधारतो," लॉर्न म्हणाला.

"कोण सुधारतो? नाव सांग."

लॉर्ननं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"मग राहू दे. इथे बरं चाललंय माझं."

आता आमच्या गोलात गॉर्डच असतो, कारण दुसरं कुणी तयार होत नाही. बचावातली त्याची जागा मला मिळाली. मागेच थांबायचं असं पक्कं ठरवून मी दर रविवारी उतरतो. पण पुढे चकती मोकळी दिसते आणि पाय ऐकत नाहीत. मागून गॉर्ड माझ्या आईबापांचा उद्धार करत असतो. पुढे गेलं की ते फारसं ऐकू येत नाही.