शेपटीचा तुकडा

बंद पडलेल्या बल्बच्या कारखान्यामागे तलाव होता. मामा त्याची राखण लग्नाआधीपासून करत होता. थोराड झालेले मासे त्यानेच बोटाएवढे असताना सोडलेले. मामी म्हणायची, "माझ्याशी बोलायला यांच्या जिवावर येतं, माशांशी मात्र गप्पांना ऊत!"

भाची प्रयोगशाळेत माशांतला पारा मोजायची. तलाव तपासायचा म्हटल्यावर मामा उसळला, "घरी खाण्यापुरता एखादा काढतो, तेवढंच. तपासणीसाठी माझे मासे कापायचे नाहीत."

"कापत नाही रे. शेपटीच्या टोकाचा नखाएवढा तुकडा पुरतो. तो परत वाढतो. माशाला काही होणार नाही, मामा."

मग मामाने स्वतःच एकेक मासा ओल्या फडक्यात धरला. भाचीने तुकडा कातरून कुपीत टाकला की मासा सळकन खोल पाण्यात जाई. एकही दगावला नाही. मामा इतका खूश, की तिला जेवायलाच ठेवून घेतलं. तिने ताटातला तलावाचा मासा हळूच बाजूला सारला.

"शिकलीस म्हणून नाक मुरडतेस?" मामी फुरंगटली.

निकालावर भाचीचा विश्वास बसेना. तिने यंत्र साफ केलं, उरलेले तुकडे घालून पुन्हा मोजलं. पारा तेवढाच, मर्यादेच्या कितीतरी पट. सगळ्यात मोठ्या माशांत सगळ्यात जास्त. वरून हुकूम निघाला: तलाव उपसा, मासे मारून पुरा.

तो सांगायला ती स्वतः गेली.

"काही होणार नाही म्हणालीस," मामा म्हणाला.

"मोजल्यामुळे काही झालं नाही, मामा. कारखान्यातल्या पाऱ्याचं विष तलावात आधीपासूनच होतं."

"मग मोजलंस कशाला?"



परक्यांना त्याने जाळ्याला हात लावू दिला नाही. गुडघाभर चिखलात उतरून एकेक मासा स्वतः बाहेर काढला. दुपारपर्यंत खड्डा भरला. वर चुना पसरला. मामाने हात धुतले आणि न जेवता पडून राहिला.

मामीने भाचीला आत ओढलं. "इतकी वर्षं आम्ही हेच खाल्लं. हल्ली माझी बोटं बधिर होतात गं, सुई सुटते हातातून. आमचं कसं मोजायचं?"

"केसांवरून कळतं."

मामीने अंबाडा सोडला. मानेजवळची बट भाचीने कातरली. मामाने मात्र बाहेरूनच सांगितलं, "माझं काही मोजायचं नाही."

मामीच्या केसांतही पारा निघाला. पुढे तो उतरत गेला, बोटं तशीच राहिली. भाची अधूनमधून केस न्यायला येते. तिची चाहूल लागली की मामा मागच्या दाराने निघून जातो.