दुसरी किल्ली

ठराव एका मताने पडला, आणि ते मत माझं होतं.

क्वांटम कॉम्प्युटर आला की आमच्या ब्लॉकचेनची, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक डिजिटल वहीची, आजची कुलपं फटाफट उघडणार, नव्या पद्धतीची आताच बसवा, असं मी कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडत होते. ठरावही मीच मांडलेला. पाच किल्लीधारकांनी आपापल्या डिजिटल किल्लीने सही करून मत द्यायचं. मी सही करायला बसले, तर पडद्यावर आलं: तुमचं मत नोंदलं गेलं आहे. विरोधात.

पाचांतल्याच एका, हिशेबनिसांचा फोन आला. "ताई, आम्हाला शहाणपण शिकवून स्वतःच पाठ फिरवलीत?"

माझी दुसरी किल्ली जगात एकाच माणसाकडे होती. पहिली हरवलीच तर असावी म्हणून मीच ती दादाकडे दिली होती. सख्ख्या भावाकडे नाही तर कोणाकडे द्यायची?

दादाचा धंदा त्याच जुन्या कुलपांच्या यंत्रांचा. मी गोदामात गेले तेव्हा तो खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाजारात तुरी! ते मशीन पाहिलंय कोणी? आणि हा सगळा माल मी काय भंगारात घालू?"

"तहान लागल्यावर विहीर खणायची का? पण ते राहू दे. तू माझी सही केलीस, दादा."

"सही तुझीच आहे. कोणालाही तपासायला सांग."

तेच तर. ही सही नाकारता येत नाही, हे मीच जगाला सांगत फिरले. उद्याच्या चोराची काळजी करत बसले आणि इकडे कुंपणानेच शेत खाल्लं. मला रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला.

एकच वाट होती. किल्ली चोरीला गेली असं जाहीर केलं की तिचं मत बाद होतं, पण त्या माणसाला पुन्हा किल्ली मिळत नाही. हा नियमही माझाच. मी जाहीर केलं. उरलेल्या चौघांनी पुन्हा मतं दिली, चोरी ऐकून विरोधातला एक जण फिरला आणि ठराव मंजूर झाला. नवी कुलपं बसतील. बसवणाऱ्यांत मी नसेन.

घरी जाताना कुलूपवाल्याला सोबत घेतलं. माझ्या दाराचीही एक किल्ली दादाकडे होती. चहा होईपर्यंत त्याने नवं कुलूप बसवलं आणि दोन किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

"एक घरच्या कोणाकडे तरी देऊन ठेवा, ताई. अडीअडचणीला बरी."

दोन्ही मी माझ्याच पर्समध्ये टाकल्या.