आईच्या थडग्याचा ठसा

आमच्या आईचं थडगं समुद्राला तुम्ही दिलंत. लाटांचं नाव पुढे करू नका.

माझी बहीण एटी फोटो काढते आणि त्यावरून लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ, लादीत कोरून कागदावर ठसे छापते. फोटो जसाच्या तसा कोरला की छापताना डावं-उजवं उलटतं. आमच्या बेटावर हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमची दफनभूमी किनाऱ्यावर. भरती वाळू खात पूर्वेच्या टोकाला, आईपर्यंत आली, म्हणून बंधारा मागायला एटीने तुम्हा सरकारी कचेरीवाल्यांना फोटो पाठवले. सोबत एक ठसा, भेट म्हणून.

ठसा तुम्हाला फार आवडला. कचेरीत टांगलात. बंधाऱ्याचा नकाशाही त्याच्यावरूनच काढलात. फोटो कुणी बघितलेसुद्धा नाहीत.

मग बंधाऱ्यासाठी वाळूच्या गोण्या घेऊन पडाव, मालाची सपाट होडी, आला. तुमचा मुकादम क्रेग पश्चिमेला रचायला लागला.

"ए बाबा, तिकडे कोण पुरलंय? तुझी आजी?" इझाया मामा ओरडला.

"म्हातारबा, चित्रात थडगी याच बाजूला आहेत."

"अहो, ठसा उलटाच येतो!" एटी म्हणाली. "फोटो बघा ना."

"बाई, चित्र तुमचंच ना? मग नीट काढायचं होतंत."

"नीट? अरे, डोळे तुझ्या डोक्यात आहेत की पडावावर ठेवून आलास? समोर थडगी दिसतायत!" मामा म्हणाला.

क्रेगने तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, नकाशाप्रमाणे करा.

पुढच्या उधाणात आई गेली. गोण्यांमागे पश्चिमेची रिकामी वाळू मात्र कोरडी राहिली.

एटी आता लादीला हात लावत नाही. कॅमेऱ्याला बुरशी धरली. "मीच आईला त्या बाजूला नेऊन ठेवलं," एवढंच म्हणते. मी म्हणतो, "ताई, तुझा काय दोष गं?" ती भिंतीकडे तोंड करते.

आईचा दगड घडवून आला होता. तो थडग्यावर उभा करून, सगळ्या गोतावळ्यासमोर कापड काढून, जेवून, नाचून झाल्याशिवाय आमचा शोक सुटत नाही. दगड गुंडाळलेलाच पडलाय. इतर बेटांवरचे नातेवाईक विचारतात, कधी येऊ?

मी काय सांगू? थडगंच नाही तर दगड कुठे उभा करू? पत्र नको. इथे या आणि माझ्या बहिणीच्या तोंडावर उत्तर द्या.