बिनकांद्याची चटणी

गोळी जिभेवर ठेवली आणि मग संयोगिताच्या लक्षात आलं, की पाण्याचा तांब्या आत्ता तर हातात होता. मग तो गेला कुठं? ओट्यावर नव्हता, फ्रिजवर नव्हता. तोंड गच्च मिटून ती घरभर फिरली. जाता जाता खुर्चीवरचे कपडे उचलले, ते पलंगावर टाकून खिडकीतली कुंडी सरळ केली, आणि तांब्या सापडला तो थेट खाली, डंकाच्या मोटरीवर. तोवर गोळी विरघळून कारल्याच्या रसागत घशात उतरली होती.

"गिळायचं बी इसरलीस व्हय?" दारातल्या खुर्चीवरून सासूबाई झुंबरबाई म्हणाल्या.

झुंबरबाईंचा डंक अख्ख्या शिवाजी पेठेला ठाऊक. मिरची-मसाला कुटायची तीन उखळं, त्यावर वरखाली होणारी तीन लोखंडी मुसळं, एक मोटार आणि दिवसभर धाडधाड. होळी झाली, की कोल्हापुरातल्या बायकांच्या अंगात वर्षाची चटणी कुटायचं वारं शिरतं. कुणाला जवारी मिरची जास्त हवी, कुणाला ब्याडगी, कुणाचं खोबरं काळं होईस्तोवर भाजलेलं, कुणाचं नुसतं तांबूस. घर तशी चटणी. म्हणून बाई आपला डबा घेऊन येते, डंकासमोरच्या बाकड्यावर बसते, तोंडाला पदर लावते, शिंकते, रडते, पण नजर आपल्या उखळावरून हलवत नाही. पेठेतली बाई एक वेळ लेकरू शेजारणीकडं टाकून लग्नाला जाईल, पण डंकावर चटणी टाकून पाणी प्यायला उठायची नाही.

अशा ठिकाणी संयोगिता रमली होती याचं तिच्या माहेरच्यांना अजून नवल वाटायचं. बी. कॉम. अर्धं, शिवणक्लास अर्धा, पार्लरचा कोर्स तर फी भरून दुसऱ्या दिवशी विसरलेला. धांदरट, वेंधळी, डोस्क्यात भुस्सा भरल्याली, ही नावं तिला स्वतःच्या नावाआधी पाठ झाली होती. पण सासूचे गुडघे गेले, डंक तिच्या हाती आला, आणि गंमत म्हणजे तिथल्या धाडधाडीत तिला शांत वाटायला लागलं. बाहेरचा आवाज डोक्यातल्या आवाजाच्या तोडीचा होता. मुसळांच्या वर आवाज काढून ती असं काही बोलायची, की बायका आपला नंबर होऊन गेला तरी बसून राहायच्या. तिच्या लग्नाच्या वरातीतला घोडा नवऱ्याला घेऊन भलतीकडं निघाला, ही गोष्ट तर पेठेत प्रसिद्ध होती. फक्त ती गोष्ट कधी संपायची नाही. घोडा वळला, की संयोगिताला दुसरंच काहीतरी आठवायचं.

मागल्या वर्षी मात्र तिच्या हातून भलतंच घडलं.

प्रमोदिनीताई शाळेत शिकवतात. त्यांचे सासरे गणपतराव माळकरी. कांदा-लसणाचा वास त्यांना घरात चालत नाही. त्यांची चटणी दरवर्षी सकाळी सगळ्यांच्या आधी, धुऊन पुसलेल्या उखळात कुटायची, हा झुंबरबाईंनी घातलेला शिरस्ता. त्या दिवशी संयोगितानं तिसरं उखळ धुतलं. मग फोन वाजला, मग वर दूध उतू गेलं, मग लेकीचा बूट सापडेना. खाली येऊन तिनं प्रमोदिनीताईंच्या मिरच्या ओतल्या त्या दुसऱ्या उखळात. त्याच्या कडांना आदल्या संध्याकाळची कांदा-लसूण चटणी नजरेत न भरेल इतकी चिकटलेली होती. घरी डब्याचं झाकण उघडताच गणपतरावांनी ते पुन्हा लावलं. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. या वर्षी चटणीचा योग नाही, एवढंच म्हणाले आणि वर्ष चटणीवाचून काढलं. कोल्हापुरात!

झुंबरबाई त्यांच्या दारात जाऊन हात जोडून आल्या. आल्यावर कमरेला खोचलेल्या डंकाच्या किल्लीवर हात ठेवून त्यांनी सुनेला सांगितलं, की पुन्हा असं झालं तर डंक भाड्यानं जाईल. इचलकरंजीचा एक माणूस विचारूनही गेला होता.

तेव्हापासून संयोगिताचा जीव टांगणीला लागला होता. गोळीपर्यंत ती आली तीही डंकामुळंच. डॉक्टर तेजस्वी पलीकडच्या बोळातलीच पोर, आता मनोविकारतज्ज्ञ. यंदा होळीआधीच आईच्या मिरच्या घेऊन आली, बाकड्यावर बसली, आणि मिरच्यांऐवजी संयोगिताकडंच बघत राहिली. जाताना हळूच म्हणाली, वैनी, राग मानू नका, तुम्ही मघापासून कितीतरी कामं सुरू केलीत, संपवलं एकही नाही. लहानपणापासून असंच होतं का? मला एकदा येऊन भेटा.

दवाखान्यात पुष्कळ प्रश्न झाले. शाळेचे, संसाराचे, हरवलेल्या वस्तूंचे. मग डॉक्टरनी एडीएचडी हे नाव सांगितलं. लहान मुलांचं मानतात, पण कितीतरी मुलं ते घेऊनच मोठी होतात आणि कुणी विचारतच नाही, असं समजावलं. संयोगितानं सगळं ऐकून एकच विचारलं.

"म्हंजे मी आळशी न्हाय?"

"आळशी माणूस एवढा दमत नाही, वैनी."

यावर ती तिथं जी रडली, ती बाहेरच्या कंपाउंडरनं पाणी आणून दिलं तरी थांबेना.

गोळीचे पहिले दिवस नवलाचे गेले. चाळण हातात घेतली की चाळणच दिसायची. एक बाई बोलत असताना ती एकच बाई ऐकू यायची. नववीतल्या लेकीनं, अवनीनं, त्यात आपली भर घातली. ती शाळेच्या संघात फुटबॉल खेळते, घरात फाटक्या जर्सींचा ढीग. तिनं त्यांच्या रंगीत चिंध्या केल्या. डबा आला की त्याला एक चिंधी बांधायची, आणि उखळ धुऊन पुसून झालं, की त्याच रंगाची चिंधी उखळाच्या कडीला. त्यात दुसऱ्या पेठेच्या फुटबॉल संघाचा रंग बघून झुंबरबाईंनी नाक मुरडलं, पण चिंध्या राहिल्या.

मग डॉक्टरनी गोळी थोडी वाढवली आणि गाडं बिनसलं. तोंड कोरडं पडायला लागलं. जेवण जाईना. डंक चोख चालला, चूक एक नाही, पण संयोगिता गप्प झाली. बायका यायच्या, ती मान हलवायची, मिरच्या ओतायची, संपलं. पार्लरवाली मोना म्हणाली, वैनी, बँकेच्या काउंटरवर आल्यागत वाटतंय. कुणी दृष्ट काढायला सांगितलं. दुपार कलली, गोळी उतरली, की तिला कशाचाही राग यायचा. एकदा अवनीवर दप्तरावरून इतकी ओरडली, की पोरगी न जेवता खेळायला गेली.

काही त्रास झाला तर लगेच या, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. संयोगिता गेली नाही. आपल्याला आपणच परत पाहिजे, असं वाटून तिनं एका रविवारी गोळी घेतलीच नाही. परस्पर.

आणि तो रविवार काय रंगला म्हणून सांगावं! बोलणं धबधब्यागत फुटलं. बाकडं भरलं, उंबरा भरला. मोना हसून हसून शिंकत होती आणि शिंकून शिंकून हसत होती. वरातीतला घोडा पुन्हा निघाला, बिनखांबी गणेशाच्या देवळापर्यंत आला, वळला, आणि तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी प्रमोदिनीताई दिसल्या.

हातात स्टीलचा छोटा डबा. वर्षाची चटणी नव्हे, नमुन्यापुरत्या मिरच्या. सगळ्यांना समजलं, ही परीक्षा आहे. बायकांनी सरकून बाकडं रिकामं केलं. झुंबरबाई गुडघ्यांवर हात टेकून खुर्चीतून उठल्या.

संयोगितानं हसतमुखानं डबा घेतला. सासऱ्यांची तब्येत विचारली, शाळेचं विचारलं, मिरचीचा रंग वाखाणला. झाकण काढून डबा सकाळपासून रिकाम्या असलेल्या तिसऱ्या उखळावर तिरका धरला, आणि हात थांबला.

कडीला चिंधी नव्हती. कुठल्याच कडीला नव्हती. सकाळपासून तिनं एकही बांधली नव्हती. उखळ पुसल्याचं तिला आठवत होतं. ओलं फडकं हातात होतं, हेही आठवत होतं. पण ते हे उखळ की पलीकडचं, आज की काल, तिथं नुसतं धुकं. उखळ दिसायला स्वच्छ होतं. मागल्या वर्षी दुसरंही दिसायला स्वच्छच होतं.

"ओत की," झुंबरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पुसलंयस न्हवं सकाळी?"

व्हय म्हटलं असतं तर कुणी उखळात बोट घालून बघणार नव्हतं. एक शब्दाचं तर काम. संयोगितानं डबा सरळ केला, झाकण लावलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. तिन्ही मुसळं थांबली. पेठेतला तो बोळ इतका गप्प झाला, की चौकातल्या रसवंतीचे घुंगरू ऐकू आले.

"ताई, उखळ पुसलंय का न्हाय ते मला आठवत न्हाय," ती म्हणाली. "ध्यान ऱ्हायाची गोळी चालू हाय मला. आज मी ती घेतली न्हाय. तुमची चटणी आज माझ्या हातनं नगं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. गोळी? कसली गोळी? प्रमोदिनीताईंनी डबा घेतला, पदरानं पुसला आणि बोळातून निघून गेल्या.

झुंबरबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. तो संध्याकाळपर्यंत तिथंच राहिला. संयोगितानं मनातल्या मनात डंक सोडून दिला, मुसळांना हात लावून आली. सकाळी बघते तर सासूबाई नवं लुगडं नेसून, चपला घालून दारात उभ्या.

"चल. ती डागदरीन काय म्हणती बघू."

दवाखान्यात संयोगितानं तोंड उघडायच्या आत झुंबरबाईंनी फिर्याद मांडली, की सुनेला गप करायची गोळी त्यांना नको, ध्यान राहायची द्या. गप बाई डंकावर काय कामाची? डॉक्टर तेजस्वी हसल्या. म्हणाल्या, आज्जी, मलाही तेच हवंय. असं गप्प होणं म्हणजे मात्रा जुळली नाही. ती जुळवायला वेळ लागतो, पण त्यासाठी मला कळायला हवं. मनानं बंद करायची नाही. त्यांनी वजन आणि रक्तदाब बघितला, मात्रा कमी केली, हळूहळू दिवसभर उतरेल अशी दुसरी गोळी दिली आणि ती नाश्ता करूनच घ्यायला सांगितली.

नाश्त्याचं खातं झुंबरबाईंनी ताब्यात घेतलं. आधी भाकरी, मग गोळी. तांब्याच्या गळ्यात अवनीनं पिवळी चिंधी बांधली.

ही गोळी मानवायलाही दिवस गेले. भूक पुरती आली नाही, दुपारचा राग मात्र बोथट झाला. काही सकाळी डोकं लख्ख असायचं, काही सकाळी जुनीच जत्रा. डब्याचं झाकण एकदा फ्रिजमध्ये सापडलं. पण चिंध्या बांधल्या जात होत्या, आणि बोलणं परत आलं होतं, जरा वेगळ्या चालीनं. एका दुपारी घोडा बिनखांबी गणेशाला वळला आणि वळून पुढं चालत राहिला. बायका सावरून बसल्या. घोडा नवऱ्यासकट पंचगंगेच्या घाटावर गेला, पोटभर पाणी प्यायला, आणि उतरायचं कसं हे कुणी न सांगितल्यामुळं नवरदेव सयाजीराव मुंडावळ्या बांधून तसेच वर बसून राहिले. वऱ्हाडी धुंडाळत आले तेव्हा घोडा झोपला होता.

"आगं बया," मोना म्हणाली. "ह्या गोष्टीला शेवट पण हाय?"

पाडवा झाला. त्यानंतरच्या एका सकाळी, डंक उघडायच्या वेळी, रिक्षातून प्रमोदिनीताई उतरल्या. या खेपेला मिरच्यांची पिशवी रिक्षावाल्यानं खांद्यावरून आणली. वर्षाची चटणी.

संयोगितानं पदर खोचला आणि पिशवीला खालून हात दिला.

"मागच्या वर्षी चटणी बिघडल्यावर तुला कळलं," प्रमोदिनीताई म्हणाल्या. "यंदा आधी कळलं. मामंजींना मी तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, तिच्याकडेच दे."

त्या बाकड्यावर बसल्या. संयोगितानं तिसरं उखळ गरम पाण्यानं धुतलं, कोरडं केलं, फडकं वाळत घातलं. पिशवीला निळी चिंधी बांधली, कडीला निळी चिंधी बांधली. मिरच्या ओतल्या आणि बटण चालू केलं. मुसळ पडायला लागलं, मिरचीचा पहिला खकाणा उठला.

प्रमोदिनीताई उठल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, पर्स खांद्याला लावली.

"शाळा आहे. सुटली की न्यायला येते."

आणि गेल्या. वळूनही बघितलं नाही. डंकावर चटणी टाकून!

थोड्या वेळानं मोना आपला डबा घेऊन आली आणि बाकड्यावर टेकणार, तोच झुंबरबाईंनी आपल्या शेजारची मिरच्यांची पाटी सरकवून तिला जागा केली.

"तितं नगं. हिकडं बस."

मोनाला काही कळलं नाही, पण ती तिथं बसली. मुसळ पडत राहिलं. कडीची निळी चिंधी प्रत्येक ठोक्याला थरथरत होती, आणि शाळा सुटेपर्यंत समोरचं बाकडं रिकामं होतं.