दहाव्या आठवड्याची मोजणी

मर्व्ह पॅस्कोने गवत कापायचं यंत्र हिरवळीच्या मधोमध बंद केलं, हातमोजे त्याच्या मुठीला अडकवले आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. मागे राहिलेली हिरवळ अर्धी दाढी करून उठलेल्या माणसासारखी दिसत होती. दहाला सात मिनिटं कमी होती. त्याने कामावरचा भडक नारिंगी सदरा खुंटीला लावला, कपाटातलं करडं स्वेटर चढवलं, ओल्या हातानेच केस चापून बसवले आणि वही काखेत मारून तो वर्गाकडे निघाला.

ऑफिसच्या खिडकीतून ग्लेनिसने डोकं बाहेर काढलं. टॅरंट्स वेलच्या कॅम्पसवर आता पगारी माणसं दोनच उरली होती. ती आठवड्यातून तीन दिवस यायची, हा दोन.

"निघाली स्वारी कॉलेजला!"

"उशीर होतोय, ग्लेनिस."

"आणि त्या उरलेल्या गवताचं काय?"

"ते कुठे पळून जातंय?"

"हे बघ, आज दहावा आठवडा आहे. अकराच्या ठोक्याला मी कागद घेऊन येणार. तोवर खुर्चीत बसून राहायचं, तोंड मिटून. जमेल?"

"सहा आठवडे मिटूनच आहे."

"म्हणून तर धास्ती वाटते. काय काय साठलं असेल त्या पोटात, देव जाणे."

दर सत्राच्या दहाव्या आठवड्यात विद्यापीठ आपल्या पाचही कॅम्पसवर माणसं मोजायचं. त्या दिवशी पडद्यावरून चालणाऱ्या ज्या दूरच्या वर्गात कोणी दिसलं नाही, त्याची जोडणी पुढच्या सत्रापासून बंद. टॅरंट्स वेलमध्ये असे वर्ग एके काळी नऊ होते. आता एक. एक टेबल, चौदा खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा, आणि त्यावर दर मंगळवारी दहाला सातशे किलोमीटरवरच्या समुद्रकाठच्या मुख्य कॅम्पसमधून येणाऱ्या डॉ. डेस्पीना कालिगेरोस. विषय, या प्रांताचा इतिहास.

फेब्रुवारीअखेर सत्र सुरू झालं तेव्हा त्या वर्गात चार जण होते. एकाला खाणीत नोकरी लागली. एकीला बाळ झालं. एक जण 'आजीला भेटून येतो' म्हणून समुद्रकाठी गेला तो तिथलाच झाला. चौथी, केली नावाची मुलगी, एका मंगळवारी आली नाही, आणि मग आलीच नाही. मर्व्हचं काम एवढंच की दहाला पडदा लावायचा आणि अकराला बंद करायचा. त्या दिवशी तो पडदा लावून सहज खुर्चीत टेकला, डबा उघडला, पावाच्या तुकड्याचा पहिला घास घेतला, तोच पडद्यावरच्या बाई थेट त्याच्याकडे बघून म्हणाल्या,

"अरे वा! टॅरंट्स वेल! नवीन दिसता. नाव काय?"

तोंडात घास. नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला तोंड रिकामं लागतं, आणि तोवर बाई हसल्या होत्या. त्याच्याकडे बघून असं कोणी हसल्याला बराच काळ लोटला होता.

"मर्व्ह," तो म्हणाला.

"बसा, मर्व्ह. खात खात ऐका."

तेव्हापासून तो बसत होता. आडनाव विचारलं की बाई यादी बघणार, यादीत पॅस्को सापडणार नाही, आणि मग मंगळवारचा हा एक तास गेला. म्हणून तो नुसती मान डोलवायचा. हे सोपं नव्हतं. मर्व्ह पॅस्को हा चाळीस वर्षं गावच्या रेल्वे हॉटेलच्या दारूगुत्त्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बोललेला माणूस होता. त्याने सांगितलेल्या पुरात तीन मेंढ्या चर्चच्या घंटेला लोंबकळून वाचल्या होत्या. त्याच्या दुष्काळात बेडकांना पोहायला शिकवावं लागलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी हॉटेलला टाळं लागलं. ऐकणाऱ्यांपैकी काही दफनभूमीत गेले, काही मुलांकडे शहरात, आणि शेवटचा जॉक बेली वृद्धाश्रमात. तिथे त्याला आता मर्व्हचं नावही आठवत नसे. गेल्या हिवाळ्यात मर्व्हच्या लक्षात आलं, की शुक्रवारी काम संपवून घरी गेलेला आपण मंगळवारी ग्लेनिसला हाक मारेपर्यंत एक शब्दही बोललेलो नसतो.

तो खुर्चीत बसला. पडदा उजळला.

"सुप्रभात सगळ्यांना," डॉ. कालिगेरोस म्हणाल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, चष्मा सारखा काढघाल करणाऱ्या बाई. कॅमेरा त्यांच्यावर रोखलेला असे. खांद्यामागे फळ्याचा तुकडा दिसे, बाकी काही नाही. "सुप्रभात, टॅरंट्स वेल."

मर्व्हने मान डोलवली.

"आज लांब जायचं नाही. आज आपलाच इतिहास. आपलं विद्यापीठ."

त्यांनी विद्यापीठाने काढलेला जाडजूड गौरवग्रंथ उघडला. विद्यापीठ एका दिवसात जन्मलं नाही, त्या सांगू लागल्या. ते गोधडीसारखं जोडलं गेलं. समुद्रकाठची शेतकी शाळा, एका इस्पितळाची परिचारिका शाळा, खाणगावातलं तंत्रविद्यालय, आतल्या पठारावरची दोन शिक्षक महाविद्यालयं. नव्वद साली सरकारने फर्मान काढलं आणि पाच ठिगळं शिवून एक नाव दिलं. बाईंचं बोलणं नीट, पायरीपायरीने चाले. जे कागदावर सापडलं नाही, ते त्या 'माहीत नाही' म्हणून सांगत. मर्व्हला या गोष्टीचं फार नवल वाटायचं. त्याने जन्मात कधी 'माहीत नाही' म्हणून गोष्ट संपवली नव्हती.

त्याने घड्याळ पाहिलं. दहा चाळीस. वीस मिनिटं. मग ग्लेनिस, मग सही, मग आणखी एक सत्र.

"आता टॅरंट्स वेल," बाईंनी पान उलटलं. "पाचांतलं सगळ्यात लहान, शिक्षक महाविद्यालय. ग्रंथात याला सहाच ओळी आहेत. 'येथील लाकडी इमारती एकोणीसशे एकोणसत्तर साली जागेवरच उभारण्यात आल्या. नोंद घ्यावी असे विशेष काही—'"

"नाही," मर्व्ह म्हणाला.

आवाज त्याचाच होता. बाईंनी वर पाहिलं.

"काय म्हणालात, मर्व्ह?"

त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. अजूनही 'काही नाही' म्हणता आलं असतं. खिडकीबाहेर त्या सहा ओळींतल्या तीन इमारती ओळीने उभ्या होत्या, बुटक्या, पत्र्याच्या छपरांच्या, गेली सात वर्षं बंद.

"जागेवर नाही उभारल्या, डॉक्टरबाई. आणल्या. लष्कराच्या जुन्या छावणीतून, एकशे चाळीस किलोमीटर. अख्ख्याच्या अख्ख्या. ट्रकवर घालून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी छपरावर होतो."

बाईंनी चष्मा काढला. मर्व्हला वाटलं, झालं. आता आडनाव.

"छपरावर काय करत होतात?" त्यांनी विचारलं.

"तारा उचलत होतो. रस्त्यावर टेलिफोनच्या तारा आडव्या यायच्या ना. इमारत ट्रकवर चढली की तिचं छप्पर तारांना लागणार. म्हणून एक माणूस वर बसवायचे, हातात लांब काठी, टोकाला दुबेळकं. तार आली की उचलायची, इमारत खालून जाऊ द्यायची, हळूच सोडायची. वीस वर्षांचा होतो. तीन दिवस तारा उचलल्या. इथे पोचलो, इमारत उतरवली, आणि प्राचार्य म्हणाले, तू वर काय करतोयस, खाली ये, गवत कापायला माणूस हवाय."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. हा भाग खरा होता. पण बाई कोपर टेकून पुढे झुकल्या होत्या, आणि सहा आठवड्यांचं साठलेलं पाणी धरणाच्या काठाला लागलं होतं.

"आणि रिकामी आणली असं समजू नका. आत वर्ग चालू होता."

"वर्ग?"

"खोटं का बोला! तासिका बुडता कामा नयेत, असा इन्स्पेक्टरचा हुकूम. चाळीस मुली बाकांवर आणि फळ्याशी मिस ट्रेडिनिक. भूगोल. त्यांना नकाशा लागलाच नाही. 'मुलींनो, डावीकडच्या खिडकीतून नदी. उजवीकडच्या खिडकीतून पठार.' पहिल्या दिवशी निम्मा प्रांत शिकवून झाला. दुसऱ्या दिवशी पाऊस. काळी माती. ट्रक रुतला तो अकरा दिवस."

"मघाशी तीन दिवस म्हणालात."

"तारा तीन दिवस उचलल्या, बाई. रुतलेल्या ट्रकवर कसल्या तारा? तर अकरा दिवस महाविद्यालय एका मेंढपाळाच्या कुरणात. पावसाने मेंढ्या आडोशाला आत शिरल्या. मिस ट्रेडिनिक कडक. वर्गात आलं त्याने हजेरी लावायची. रोज हजेरी, रोज पाढे. परीक्षा तिथेच झाली. चाळीस मुली पास, आणि एक मेंढी भूमितीत पहिली. तिला प्रशस्तिपत्रक द्यावं की नाही यावर बोर्डाची बैठक बसली. शेवटी दिलं. तिने ते खाल्लं."

डॉ. कालिगेरोस हसल्या. आधी ओठ दाबून, मग मोकळ्या, मान मागे टाकून.

आणि मर्व्ह ऐकत राहिला.

चाळीस वर्षांत त्याने ही मेंढी किती माणसांसमोर उभी केली असेल, त्याचा हिशेब नव्हता. लोक हसायचे, जे हसायचे नाहीत ते कण्हायचे, शिव्या द्यायचे, पेला आपटायचे, निदान बुडाखालची खुर्ची तरी कुरकुरायची. इथे बाईंचं हसू एकटंच निघालं. ते लांब गेलं, मागच्या भिंतीला लागलं आणि परत आलं. मर्व्हने ते परत आलेलं ऐकलं. मुख्य कॅम्पसवरचा तो हॉल त्याला माहीत होता. नव्वद साली इथले गुणवंतांच्या नावांचे मानफलक पोचवायला तो तिथे गेला होता. उतरत्या बाकांचा, दोनशे जणांचा. आणि हॉल झाडण्यात त्याचा जन्म गेला होता. अंगावर कपडे असलेली वीस पोरं जरी बसली असली तरी आवाज गिळतात. रिकामा हॉल तेवढा परत देतो.

सहा आठवडे त्याला वाटत होतं, की एवढी गप्प बसतात म्हणजे तिकडची पोरं भारीच गुणी.

"मुलं घरीच बघतात हल्ली," असं ग्लेनिस एकदा म्हणाली होती, "रेकॉर्डिंग असतं ना. हवं तेव्हा, अंथरुणातून." त्याने तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

बाईंचं हसू ओसरलं. त्यांनी हातरुमालाने डोळे टिपले, आणि मर्व्हच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाईंची नजर कॅमेऱ्याच्या वरून, समोर, लांब कुठेतरी गेली आणि परत आली.

"मर्व्ह," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या यादीत टॅरंट्स वेलचं नाव पाचव्या आठवड्यापासून कोणाचंच नाही."

"ठाऊक आहे, बाई."

"मी कोणाला सांगितलं नाही."

"ते मात्र आत्ता कळलं."

दार ढकलून ग्लेनिस आत आली. हातात कागद लावलेली पाटी, कानावर पेन.

"माफ करा हं, डॉक्टर, मोजणी आहे. दोन मिनिटं." ती मर्व्हशेजारच्या खुर्चीत धपकन बसली. "यंदा नवीनच टूम काढलीय. म्हणे, प्रत्येक कॅम्पस आपलीच माणसं फुगवून सांगतो. म्हणून इकडची माणसं तिकडच्यांनी मोजायची आणि तिकडची इकडच्यांनी. वीसच्या खाली भरले तर मुख्य कॅम्पसवरचा समोरासमोरचा तासही बंद, नुसतं रेकॉर्डिंग. घ्या. डॉक्टर, टॅरंट्स वेलमध्ये तुम्हाला किती दिसतात?"

डॉ. कालिगेरोसनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पडद्यातून त्या मर्व्हकडे बघत राहिल्या. कागदावर नसलेली गोष्ट त्यांनी आजवर कधी सांगितली नव्हती.

"एक," त्या म्हणाल्या. "नियमित येतात. अभ्यासू आहेत."

ग्लेनिसने डोळ्याच्या कोपऱ्यातून मर्व्हकडे पाहिलं, ओठ आवळले आणि लिहून घेतलं.

"आता तू. तिकडे किती?"

"हं?"

"तिकडे, मुख्य कॅम्पसवर. मला तर एकट्या बाईच दिसतायत."

"कॅमेरा बाईंवर आहे, ग्लेनिस. माणसं समोर बसतात की मागे?"

"मग तुला कसं कळणार किती ते?"

"आवाजावरून. मी काय आज आलोय?"

पडद्यावर बाईंचे हात टेबलावर होते. ते हलले नाहीत. मर्व्हने डोळे मिटले, कान दिल्यासारखी मान किंचित तिरपी केली आणि बराच वेळ घेतला.

"त्रेचाळीस," तो म्हणाला. "शेवटच्या रांगेतले दोघं झोपलेत, पण हजर आहेत."

ग्लेनिसने चार आणि तीन लिहिले.

"बेचाळीस," पडद्यातून आवाज आला.

दोघांनी वर पाहिलं. डॉ. कालिगेरोस मान वळवून बाजूला, दाराच्या दिशेने बघत होत्या. कान लाल झाले होते.

"बेचाळीस लिहा," त्या म्हणाल्या. "एक मुलगी आत्ताच पाणी प्यायला बाहेर गेली."

ग्लेनिसने आकडा खोडला, शेजारी नवा लिहिला आणि खोडलं तिथे नियमाप्रमाणे आद्याक्षरं टाकली. मर्व्हने खुर्चीत पाठ टेकली. पहिली थाप मारताना सगळे आकडा वाढवतात. तो कमी करावा, हे कळायला त्याला स्वतःला वीस वर्षं लागली होती.